दोन क्लॅम्प

मिरकरवाड्यात, होडेकरांच्या दुकानात
मी बागेचा हिरवा पाइप उचलला. स्वस्त होता.
शमशुद्दीनचाचांनी तो अंगठ्याखाली मुडपला.
घडी पडली, ती पडलीच.
"हा जास्वंदीला घाल."

मग काळा, जाड, पोटात तार असलेला,
टायरसारखा वास मारणारा.
"बुडाला भोक आपणच पाडलं ना?
मग राखण पण आपलीच.
पाणरेषेखाली दोन क्लॅम्प. एक नाही."

खिशातून चुंबक काढला,
माझ्या जुन्या क्लॅम्पला लावला.
चिकटला.
चाचा काही बोलले नाहीत.

शिडाच्या रंगाचे पैसे त्यात गेले.

रात्री भाट्याच्या खाडीत, नांगरावर,
फळी उचलून हात आत घातला.
कोरडं.
जवभर रबरापलीकडे
भरती लागली होती.