सदतीस अनामिक

माझं काम लिहायचं.
कर्वे रोडला दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सवाला,
मी लोकांच्या गरजा सहाशे शब्दांत बसवते.
फोटो तीन: एक रिपोर्टचा, एक खाटेवरचा,
एक आधीचा, हसरा.
हसरा नसेल तर आकडा हलत नाही.

कोथरूडच्या पोरीला शिखर चढायचंय, तिचे बूट.
औंधच्या तिघांचा सिनेमा, ज्यात कुणीच बोलत नाही.
वारज्यात टेम्पोखाली आलेल्या कुत्रीचा पाय,
त्याचे दोन दिवसांत जमले.
त्याच आठवड्यात अठ्ठावन्न वर्षांच्या वॉचमनचं मूत्रपिंड
नऊ टक्क्यांवर अडकलं.
दोन्ही मीच लिहिलेलं.

इलाही बागवान आले ते बॅज लावूनच.
भवानी पेठ, रिक्षा, बायकोच्या हृदयाची झडप.
म्हणाले, लिहा, फेडणार आहे.
म्हटलं, चाचा, फेडायचा रकाना नसतो यात.
म्हणाले, मग काढा.

चारशे बारा माणसं. एकोणीस दिवस.
शमीमबी घरी आल्या, जिना चढल्या, मध्ये एकदाच थांबून.
आणि हे पुन्हा माझ्या दारात,
हातात दोनशेपानी वही.
नावं सांगा.

मी स्क्रीनवरून वाचत गेले, ते लिहीत गेले,
जोडाक्षरापाशी अडत:
कुणी गद्रे, एकावन्न. कुणी डिसूझा, दोन हजार.
आगाशे वहिनी आणि भिशी ग्रुप, सातशे दहा.
मग आलं, अनामिक.
म्हणजे?
म्हणजे ज्यांना नाव नकोय.
असे किती?
सदतीस.
त्यांनी सदतीस ओळी कोऱ्या सोडल्या,
प्रत्येकीला नंबर घालून.

त्यातली एक माझी होती. शंभर रुपयांची.
मी चहा मागवला.

परवा रात्री पावणेअकरा, स्वारगेट.
चार रिक्षांनी मान हलवली, पाचवी त्यांची.
पद्मावती?
बसा.
म्हटलं, एवढंसं भाडं, तेही या वेळी,
तुम्ही पुण्याचेच ना?
हसले. मीटर टाकला.
आता कुणालाच नाही म्हणता येत नाही, म्याडम.
सदतीस जण याच गावात फिरतायत,
चेहऱ्यावरून कळतं थोडंच.

लक्ष्मीनारायणच्या सिग्नलला मी तोंड उघडलं,
सांगून टाकू म्हणून.
आणि नऊ टक्के आठवले.
त्या वॉचमनचा हसरा फोटो मिळाला नव्हता,
मी मागितलाही नव्हता नीट.

पद्मावतीला उतरले.
सुटे मोजून दिले, मीटरप्रमाणे,
एक रुपया त्यांनी परत केला.