पाय उचलल्यावर

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये सकाळी साडेनऊला
हर्निशने ऑक्टेव्हिया आणली, बापाची,
मागे सायलेन्सरच्या जागी माझ्या दंडाएवढी नळी.
म्हणाला, काका, आवाज बदललाय.

आवाज त्याने विकतच घेतलेला.
अहमदाबादच्या कुणा पोराने लॅपटॉप जोडून
मॅपमध्ये भरून दिला होता:
पाय उचलला तरी पेट्रोल तोडायचं नाही,
ठिणगी उशिरा टाकायची,
इतकी उशिरा की व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जाळ अर्धाच,
उरलेला नळीत जाऊन फुटतो.
कॅटॅलिटिकचं पोळं तर उपटूनच टाकलेलं,
म्हणजे वाटेत अडवणारं कुणी नाही.
अकोट्याच्या पुलावर रात्री अकराला
फट् फट् फटाक,
आणि स्कूटरवरची माणसं माना खाली घालतात.

पण त्या फुटण्याला शिस्त असते.
तीन हजारांच्या वर, दोन सेकंद, मग गप्प.
सुपारी घेऊन वाजवणाऱ्या बँडसारखी.
हा नवा आवाज बिनसुपारीचा होता.
सिग्नलला, उतारावर, पार्किंगमध्ये शिरताना,
त्याच्या मनात येईल तेव्हा.

बाबूभाई पढियार म्हणाला, प्लग.
बाबूभाई नेहमी प्लगच म्हणतो
आणि दहात चारदा खरा ठरतो.
काढले. चारही काजळलेले. गॅप ठीक.
कॉइलींच्या जागा बदलून पाहिल्या, फरक नाही.
स्कॅनर सांगत होता, हवा जास्त आहे,
म्हणून पेट्रोल वाढवतोय.
प्लग सांगत होते, पेट्रोल जास्त आहे.
दोन साक्षीदार, एकाच खोलीतले,
आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं.

गाडी रात्रभर ठेवून घेतली.
सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि वाकलो.
टिक टिक टिक, घड्याळाहून घाईचं.
मिनिटभरात थांबलं.
लोखंड तापलं, फुगलं, फट मिटली.
सगळे गरम गाडी घेऊन येतात,
म्हणून ती कुणाला सापडत नाही.

टर्बोच्या खाली, जिथे नवी नळी बसते,
गॅस्केटच्या कडेला काळा फराटा होता,
काजळ घालताना हात हलावा तसा.
साबणाचं पाणी मारलं, नळीत हवा सोडली.
बुडबुडे.

हर्निशला दाखवलं:
दाब आहे तोवर ही फट बाहेर थुंकते.
तू पाय उचललास की हीच आत ओढते.
आत कच्चं पेट्रोल, लाल झालेली नळी,
फक्त घोटभर हवेची वाट बघत.
आणि सेन्सर बिचारा ती हवा मोजतो,
म्हणतो इंजिन उपाशी आहे, आणखी वाढा.
त्याने मान हलवली. अर्धं कळलं असावं.

आमचे बाबा एकवीस वर्षं शिफ्टा करत होते,
दोन आत्यांची लग्नं, दांडिया बाजारच्या खोलीचं कर्ज.
चढा शब्द नाही.
शेवटचा हप्ता भरून आले त्या संध्याकाळी
आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं.
मी नववीत होतो.
घरंगळत गेलेली वाटी कुठे थांबली
ते अजून दाखवू शकतो.
हे मी हर्निशला सांगितलं नाही.
माणसाला फ्लँज नसते,
चार नट ढिले करून बघायला.

गॅस्केट नवं, स्टड नवे, दोन तासांची मजुरी.
विचारलं, मॅपही काढून टाकू? व्हॉल्व्हला बरं पडेल.
तो स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला.
पप्पा आता बसत नाहीत या गाडीत, म्हणाला.
मग: रहेवा दो, काका.

ट्रायलला मी शेजारी बसलो.
जीआयडीसीच्या सरळ रस्त्यावर त्याने ओढली, सोडली.
एक क्षण काहीच नाही.
त्या क्षणात मी कान दिलेला, आणि तोही.
मग फट् फट् फटाक,
दोन सेकंद मोजून.
बरोबर ना? बरोबर, म्हटलं.

गेटवरच्या चहावाल्याने
हातातली गाळणी पुन्हा भांड्यात ठेवली
आणि गाडी लांब जाईपर्यंत
किटलीवर पंजा धरून उभा राहिला.