फुटामागं एक सूत

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावर माझं ऑफिस.
खाली दिवसभर लोखंडाची साल निघते,
वर मी कोड लिहिते.
लिहायचे, म्हणायला हवं.

आता फक्त सांगते:
टेबलांची नावं, रकाने, कोण कुणाला बांधलेलं.
ग्राहकाला ऑर्डर, ऑर्डरला चलन, चलनाला गाडी नंबर.
आणि एंटर.
अकरा सेकंदांत बेचाळीस स्क्रीन.
पहिल्यांदा झालं तेव्हा खाली चहा सांगितला होता,
तो वर यायच्या आत मगदुमांच्या फाउंड्रीचं
अख्खं बिलिंग उभं,
‘नक्की पुसायचं?’ विचारणाऱ्या खिडकीसकट.

याच कामाला मी आणि समीना
एकेकाळी आठ महिने बसलो होतो.
तेच फॉर्म, नाव बदलून. कॉपी, पेस्ट,
आणि पुरवठादाराच्या पानावर
चुकून राहिलेलं ‘वडिलांचं नाव’.
ती चूक आता होत नाही.
समीना पुण्यात असते.

बाळगोंडा मगदूम खूश.
‘अकरा सेकंदांचं बिल एवढं?’
हसत विचारलं. पण विचारलं.

शिरोलीला दाखवायला गेले तेव्हा
पॅटर्न शॉपमध्ये कृष्णात सुतार
पंपाच्या बॉडीचा लाकडी पॅटर्न घासत होता.
‘म्हंजे तुमचाबी साचाच की.’
हो, म्हटलं.
‘एका साच्यात नग किती?’
कितीही.
त्यानं पॉलिश पेपर खाली ठेवला.
‘मग आटायला किती धरलासा?’

मला कळेना. त्यानं साधी पट्टी मागवली,
आपली खिशातली शेजारी ठेवली.
त्याची लांब. फुटामागं एक सूत.
‘बीड गार झालं की आटतंय ओ ताई.
खऱ्या मापानं साचा केला
तर नग खोटा निघतोय.’

माझं लोखंड नाही, म्हटलं,
आणि जिना उतरले.

रिजेक्शनच्या स्क्रीनवर कारणं सहा.
ब्लो होल, वाळू, कोल्ड शट, अशी.
सहावं ‘कामगाराची चूक’,
ते निवडलं की पगारातून आपोआप वजा.
तपासणीची नसीम मुजावर म्हणाली,
‘यात माझं कारण नाही.’
कोणतं?
‘वहीत लिहायचो ते. रात्रपाळीला एकटाच होता.’

मी तिच्यासाठी एक रकाना टाकला. शेरा.
शेरा असेल तर कपात थांबेल, एवढंच.
हातानं टाकला, त्याच फाइलीत,
जिच्या माथ्यावर मीच छापून ठेवलेलं:
ही फाइल यंत्राने लिहिली आहे.
हाताने बदल करू नये.

पुढच्या महिन्यात चलनाला एक कॉलम वाढला.
एंटर. अकरा सेकंद.
सात तारखेला पाच जणांचा पगार कापला गेला.
कुणी ओरडलं नाही.
नसीमचा फोन आला फक्त:
‘ताई, तो रकाना कुठं गेला?’

पैसे परत झाले, महिन्यानं.
एकजण तोवर काम सोडून गावी गेला होता.

मी पुन्हा जिना चढले.
कृष्णात म्हणाला,
‘बिडाला एक, पितळेला दीड, पोलादाला दोन.
पुस्तकात असंल. मला ओतून ओतून कळलं.’
पाच नगांबद्दल मी काही बोलले नाही.
त्याला ठाऊक होतं.

आता साच्यातच एक मोकळी जागा आहे.
इथून इथवर यंत्रानं हात लावू नये.
बेचाळीस स्क्रीनवर बेचाळीस रिकाम्या चौकटी,
वजनकाट्यावरसुद्धा.
‘हे कशाला?’ मगदूम विचारतात.
असू दे, म्हणते.
खरं सांगायचं तर
किती मोठी ठेवावी, अजून अंदाज नाही.

बहुतेक कोऱ्याच आहेत.
काल गाडी नंबरच्या पानावर मात्र
कुणीतरी टाइप केलं होतं:
पुलावर पाणी. गाडी अलीकडंच थांबवली.
ड्रायव्हर जेवला.