बाहेरगावी

माझं काम वजनकाट्यांचं.
जिनिंगचे, साखर कारखान्यांचे, खडीच्या खाणींचे.
ट्रक चढला की आकडा थरथरतो, मग थांबतो.
तो खरा थांबला की खोटा, एवढंच मी बघतो.
शहादा, शिरपूर, चोपडा, यावल,
कधी थेट बऱ्हाणपूर.
रविवार कुठे उजाडेल सांगता येत नाही.

आमची मंडळी नवापूरच्या अलीकडे,
पत्र्याखाली, सतरंजीवर, साठेक माणसं.
घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, मोहाच्या फांदीला टांगलेला.
शिमोन गावित नऊला त्यावर हातोडा हाणतो
आणि नऊला मी जिथे असेन तिथे
उगाच कान टवकारतो,
कुत्र्यासारखा.

हजेरीची वही यहोशवाताई वळवींकडे.
बाकीच्यांना 'ह' नाहीतर 'गै'.
माझ्यापुढे त्या अख्खा शब्द लिहितात: बाहेरगावी.
चौकटीत मावत नाही,
शेजारच्या दाविदाच्या रविवारात घुसतो.
पाळक म्हणाले, नुसता 'बा' लिहा ना.
ताई म्हणाल्या, एवढा लांब गेलाय तो,
आपल्याला एक शब्द लांब होतो?

भुसावळच्या जुन्या चर्चमध्ये एकदा बसलो होतो.
बाक होते, पंखे होते.
पाहुणे म्हणून उभं केलं, टाळ्या वाजवल्या.
फार चांगली माणसं.
आमच्याकडे टाळ्या नाहीत.
आमच्याकडे म्हणतात, सरक की जरा.

उपासना फोनवर ऐकतो.
फोन तबल्याजवळ ठेवतात, त्यामुळे
उपदेश कमी, तबला जास्त,
आणि मध्येच एक पोर खोकतं.
ते कुणाचं, हे मला खोकल्यावरून कळतं.

कापणीच्या सणाला चोपड्यात होतो,
काट्याच्या खड्ड्यात, कोपरापर्यंत ग्रीस.
फोनवर लिलाव चाललेला:
भोपळा, तीनशे दहा!
मी ओरडलो, चारशे.
एलियाझरकाका मुद्दाम चढवत गेले.
सहाशे वीसला तुटला.
पाहिला नाही, उचलून बघितला नाही,
वजन विचारलं नाही.
मी! वजन विचारलं नाही.

महिन्याने गेलो तर भोपळा माझ्या जागेवर,
खांबाशी, सतरंजीच्या फाटक्या कोपऱ्यावर.
चार रविवार तिथेच होता म्हणे,
पोरं त्याला टेकून पेंगायची.
हातात घेतला. साडेसहा किलो असावा.
गाडीत काटा होता.
काढला नाही.

रविवारी तो शिजला तेव्हा मी यावलला.
फोन या वेळी चुलीजवळ असावा,
लाकडं तडतडत होती, भांडी, पोरांचा गलका,
तेच पोर खोकलं.
मग वाढणाऱ्या कुणीतरी विचारलं,
ही पत्रावळ कुणाची, रिकामीच आहे?
आणि ताईंचा आवाज, जरा लांबून:
राहू दे.
वाढ तिच्यावर.