हातचा

सूर म्हणजे गाण्यातला नव्हे, ओमानमधलं गाव.
आई शेजारणींना सांगायची, पोरगा सूरला आहे,
आणि त्या विचारायच्या, पेटी की तबला?

इथे सप्टेंबर म्हणजे वाळत्या मासळीचा वास
आणि पुढल्या वर्षाचा अंदाज.
नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं:
खलफान अल-मुखैनी, इजिप्तचा इंजिनियर वगीह,
आणि मी, चांदवडचा, तक्त्यांचा माणूस.

मस्कतहून आकडा आलाय.
पिंपाचा भाव इतका खाली धरलाय
की आमच्या प्रांताला शंभरातले नऊ कमी.
नऊ म्हणजे फार नाही, असं पत्रात आहे.
पत्र लिहिणाऱ्याला ते नऊ कुठून काढायचे नसतात.

एकेका ओळीवर बोट ठेवत जातो.
खाडीपुलाची रंगरंगोटी: पुढल्या वर्षी.
चौकातल्या सिमेंटच्या गलबतावरचे दिवे: निम्मे.
वादीतले पूर मोजायचे लाल-पांढरे खांब...
"ते राहू दे," खलफान म्हणतो,
आणि का, ते सांगत नाही.
वगीह नंतर जिन्यात सांगतो.
चुलतभाऊ. गाडीसकट.

मग ओळ एकशेबारा.
पाण्याचा टँकर, अल-गुवैफा, आठवड्याला तीन खेपा.
डोंगरावरचं गाव, एकेचाळीस घरं, बकऱ्या वेगळ्या.
"दोन केल्या तर?" वगीह विचारतो,
आणि विचारून झाल्यावर
स्वतःच्याच पेल्यातल्या पाण्याकडे बघतो.

मी गेलोय तिथे, एकदाच, मीटर तपासायला.
एका म्हातारीनं टाकीवर काठी आपटून दाखवली.
वर ठणठण. मध्ये ठणठण.
तळाशी, वीतभर, बद्द.
"हे बद्द आहे ना," ती म्हणाली, "ते गुरुवारपर्यंत."
तिचा ताळेबंद तीन फटक्यांत संपला.
आमच्याला एकशेचाळीस पानं लागतात.

तिसरीत निकुंभ बाई सांगायच्या,
हातचा विसरलात की गणित सगळं बरोबर दिसतं
आणि उत्तर चुकतं.
फळ्यावर तो बारका एक,
वर टांगलेला, कुठल्याच घरात न बसलेला.

ओळ एकशेएकोणतीस.
अस्थायी, लेखापाल, संख्या एक.
नाव लिहायची पद्धत नाही.
सव्वीस वर्षं दर सप्टेंबरात मीच टाइप करतो ती ओळ.
खलफानचं बोट तिथे आलं आणि पुढे सरकलं,
जरा जास्तच भरकन.
वगीहनंही पाहिलं. चहा आला.

मी म्हटलं, गलबताचे दिवे पूर्णच विझवू या.
खलफान हसला. वरच्यांना रुचायचं नाही.
त्याच्या आजोबानं तसली गलबतं बांधली होती, खरी, सागवानाची;
लाकूड मलबारहून यायचं.
"आजोबाला तरी कुठे होते दिवे," म्हणाला,
आणि शून्य घातलं.

तरी चारशेबारा रियाल कमीच पडतात.
ते कुणाच्या डोक्यावर टाकायचे
हे त्या दिवशी ठरलं नाही.
मी पेन्सिलीनं वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, बारीक,
निकुंभ बाईंसारखे.

खेपा: तीन.
तक्ता गेला.
मस्कत काय म्हणतं ते कळेल जानेवारीत.
आज बुधवार.