सोळा सेंटिमीटर

भिंतीला कान असतात म्हणे.
नाक मात्र नसतं. ते पाडायला मला बोलावतात.

बितोममध्ये, बंद पडलेल्या खाणीमागच्या
लाल विटांच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर,
ओटिलियाबाईंचं स्वयंपाकघर.
खिडक्या नव्या, प्लास्टिकच्या,
रबरी ओठ घट्ट मिटून बसलेल्या.
कपाटामागे बुरशीनं नकाशा काढलेला,
आणि गॅसच्या बंबातली ज्योत
पिवळी, जांभया देणारी.
चिमण्या तपासणारा लिहून गेलाय:
हवेला वाट द्या, नाहीतर बंब बंद.

"म्हणजे आता हवाही विकत घ्यायची?"
"हवा फुकट, बाई. पैसे भोकाचे."
त्या हसल्या नाहीत.

इथे वायर, तिथे गॅसची नळी.
जागा उरली एकच,
जिथे खाणवाल्यांची संत बार्बरा टांगलेली.
बाईंनी तसबीर काढली, फडक्यानं पुसली,
वीतभर डावीकडे नवा खिळा ठोकला.
जुन्या चौकोनात भिंत अजून गोरी होती.
त्यात मी पेन्सिलीनं वर्तुळ काढलं.

यंत्र सुरू झालं. बोलणं संपलं.
हिऱ्याचे दात, वर पाण्याची धार,
लाल राड भिंतीवरून ओघळत परातीत.
"बिटाचं सूप," त्या ओरडल्या,
किंवा तसंच काहीतरी. ओठांवरून वाचलं.

मध्ये एकदा दात अडकले.
तेवढ्या शांततेत त्यांनी सांगितलं, की रुफिन,
त्यांचा नवरा, एकतीस वर्षं खाणीत
वारा मोजायचा.
काठीच्या टोकाला भिंगरी, हातात घड्याळ,
फळीवर खडूनं आकडा.
जमिनीखाली नऊशे मीटरवर
प्रत्येक माणसाच्या वाट्याची हवा त्याला तोंडपाठ.
आणि घरी?
ऑक्टोबर लागला की खिडक्यांच्या फटीत कापूस,
वर चिकटपट्टी, त्यावर पुन्हा चिकटपट्टी.
"म्हणायचा, दिवसभर वाऱ्यातच असतो गं.
निदान इथं तरी नको."

मी पुन्हा बटण दाबलं.

भिंत तीन तुकड्यांत बाहेर आली.
बाहेरचा तुकडा काजळीनं काळाठिक्कर.
मधला साधाच, विटेचा, कुणीही कधी न पाहिलेला.
आतल्यावर रंगांचे पापुद्रे:
पांढरा, त्याखाली पिस्ता, त्याखाली तेलकट तपकिरी,
सगळ्यात खाली आकाशी.
बाईंनी पिस्त्यावर नख टेकवलं.
"ह्यात माझी जुळी जन्मली."
आकाशी त्यांच्याही आधीचा. कुणाचा, माहीत नाही.

आधी आवाज आत आला.
पलीकडच्या गच्चीवरच्या कबुतरांचा,
मग खाली कुणीतरी सायकल आपटल्याचा.
थंडी त्यानंतर आली, सरळ मानेवर.
बाई बाजूला झाल्या नाहीत.
ड्रॉवरमधून काडेपेटी काढली,
काडी ओढली, भोकापाशी धरली.
ज्योत आत झुकली,
दारातून वाकून येणाऱ्या उंच माणसासारखी.
काडी बोटांपर्यंत जळेस्तोवर
त्या ओठांनी काहीतरी मोजत होत्या.
"अर्धा मीटर सेकंदाला.
जेमतेम. पण कामावर जाऊ दिलं असतं त्यानं."

मी नळी बसवली, जाळी बसवली, बिल लिहिलं.
पिस्त्याचा तुकडा त्यांनी ठेवून घेतला,
आंबवलेल्या कोबीच्या झाकणावर वजन म्हणून.
निघताना बजावलं, कारण सगळ्यांनाच बजावतो:
चिंध्या कोंबू नका.
लोक कोंबतात. पैसे मोजून पाडलेलं भोक
पहिल्या हिमापाशी जुन्या मोज्यांनी बुजवतात.
"मी? वारा मोजणाऱ्याची बायको?"
जाळीला लोकरीचा लाल दोरा बांधीन म्हणाल्या,
आतल्या बाजूनं. हलतोय ना, ते दिसेल.

जानेवारीत त्याच रस्त्यानं गेलो,
दुसऱ्याच कुणाच्या भिंतीकडे.
उणे चौदा. मान वर करून पाहिलं.
रस्त्यावरून दोरा कसा दिसणार.
वर गेलो नाही, उशीर झाला होता.
जाळीत मोजा नव्हता,
एवढं मात्र नक्की.