कोनी आंडेर

मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या,
आधी नकाशा काढ. गावाचा नको, वैराचा.
कोण कोणाशी बोलत नाही तिथं लाल रेघ,
कोण कोणामार्फत बोलतं तिथं तुटक.
साक्रीच्या स्टँडवर, बाकावर वही टेकवून
मी सगळ्यात आधी काढली ती लाल रेघ
माझ्याच आडनावापासून निघाली.

एम.ए. दुसरं वर्ष. शांतता आणि संघर्ष-परिवर्तन.
घरी सांगितलंय, समाजशास्त्रासारखंच काहीतरी.
काका विचारतो, यात जागा निघतात का?
मी म्हणते, निघतील.

पांझरेच्या बंधाऱ्यावर दगा पाटकरी भेटला.
दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं नाव,
आणि अख्ख्या फडाचं पाणी त्याच्याच हाती.
मी संमतीपत्र वाचून दाखवलं :
आपण मुलाखत केव्हाही थांबवू शकता,
आपलं नाव गुप्त राहील.
तो हसला. "नाव गुपित?
मंग पानी कोन सोडस, ते कसं समजी?"
मग चष्म्यावरून बघत, "कोनी आंडेर शे तू?"
आंडेर म्हणजे मुलगी. माझ्या प्रश्नावलीत
हा प्रश्न नव्हता.
मी सांगितलं. त्यानं विडी विझवली.

नऊ वर्षांपूर्वी, मध्यरात्री, पाटाला मोटर कोणी लावली
यावर गावात अजून दोन इतिहास आहेत.
फावडं मात्र एकच. ते काकाच्या हातात होतं.
झिपरू भामरेला तेव्हापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही.
धुळ्याच्या कोर्टात तारीख ऐकायला उजवा पुरतो.

त्याच्या बायकोकडे, सोजाबाईकडे, तीनदा गेले.
ती शेंगा फोडत होती. मीही फोडल्या.
रेकॉर्डरमध्ये एक्केचाळीस मिनिटं
टरफलं. एकदा शेळी. एकदा "चहा लेशी?"
हे उतरवून काढताना काय लिहू, मॅडम?
शांतता लिहिलं
तर ते विषयाचं नाव होतं.

पौषातली रात्र. दगानं मला बाऱ्याशी बसवलं.
गहू पोटरीला आलेला. घोंगडीतूनही
हाडं मोजता येतील अशी थंडी.
तीन वाजता, घड्याळ न बघता, त्यानं मला हलवलं.
"तुना काकानी पाळी सरनी. आते झिपरूनं बारं.
ऊठ. तू फोड."

मी म्हणणार होते, संशोधकानं हस्तक्षेप करू नये.
पहिल्या सत्रात यावर दहा गुणांचा प्रश्न असतो.
पण तो बॅटरी धरून उभा,
आणि पाट वाहतच होता.
उतरले. पोत्यातला चिखल दगडासारखा गार,
नखं आत गेली.
आधी काकाकडचं बारं बुजवलं, टाचेनं दाबलं,
मग पलीकडचं उपसलं.
पाणी काडीकचरा घेऊन जागीच एक गिरकी फिरलं
आणि वळलं.

बांधावरून दुसरी बॅटरी आली. झिपरूचा मोठा पोरगा,
शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा.
उजेड माझ्या तोंडावर, मग हातांवर थांबला.
"पानी उनं का?"
"उनं."
एवढंच. खांद्यावर फावडं घेऊन तो पुढं गेला.
फावडं, हो. आणि तो अगदी जवळून जाताना
मी मान आत ओढून घेतली,
हेही नोंदवायला हवं.

प्रकरण चार मॅडमनी परत पाठवलंय.
समासात : यातून काय बदललं? पुरावा?
काही नाही, मॅडम. पुढची तारीख सतराला आहे.
काका अजून जागांचंच विचारतो.
सोजाबाईनं फक्त, चौथ्या खेपेला,
मी दारात चपला काढत असताना
आतल्या अंधाराकडे तोंड करून सांगितलं,
"हिलालनी आंडेर उनी,"
आणि शेंगांचं सूप
अर्धं माझ्याकडे सरकवलं.